साखराबाईचा रविवार

सीनेच्या पलीकडच्या काठाला इंग्रजाचं राज्य होतं आणि अलीकडं निजामाचं. आमच्या शिरडोह गावाकडं दुर्लक्ष करायचं काम मात्र दोन्ही सरकारांनी सारखं वाटून घेतलं होतं. दवाखाना मागायला आष्टीला जावं तर कारकून म्हणायचा, तुम्हाला नगर जवळ पडतं. नगरला जावं तर तिथला म्हणायचा, तुम्ही मोगलाईतले. म्हणून गावात कुणी जन्मलं, मेलं, तापलं, पडलं की सगळे एकाच ठिकाणी धावायचे. गावकुसाबाहेर, ओढ्याकाठच्या खोपटात साखराबाई राहायची, तिच्याकडं.

साखराबाई पुष्कळ जगली. पुढं मोठ्या तापाची साथ आली, घरटी माणूस गेलं, तेव्हाही ती होती आणि शेवटपर्यंत तिचा हात मऊ राहिला असं जुनी माणसं सांगतात. हात मऊ राहणं ही काही सोपी गोष्ट नव्हे. आमच्या गावानं तो दगड व्हावा म्हणून आपल्याकडून काहीही कमी ठेवलं नव्हतं. मी हे गाव नावाजायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. हकिकत मला भिवराबाईकडून कळली. ती आमच्या भावकीतली, आणि तिला खोटं बोलण्याचा कंटाळा होता.

प्लेगात साखराबाईचा नवरा आणि लेक दोघंही गेली. ती नदी ओलांडून मिशनच्या छावणीत गेली, तिथल्या दवाखान्यात फडकी उकळायला राहिली, जखम धुवायला शिकली, बाळंतपणं करायला शिकली आणि एक दिवस बाप्तिस्मा घेऊन परत आली. लोकांनी विचारलं, "कावून आलीस परत?" ती म्हणाली, "माझी माणसं हितल्या मातीत हायेत." गावात गहजब झाला. बाई बाटली, तिला कुणी पाणी देऊ नये, असा हुकूम आप्पा पाटलांनी चावडीवरून काढला. हुकूम पाळायला सोपा गेला, कारण बाटायच्या आधीही तिला कुणी पाणी देत नव्हतं.

मग हिवतापाचे दिवस आले आणि पाटलांचाच नातू थंडीनं कुडकुडायला लागला. साखराबाईकडं मिशनच्या दवाखान्यातल्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनाईनच्या, पुड्या होत्या. पोरगं उठून बसलं. हुकूम कुणी मागं घेतला नाही, फक्त तो कुणाला आठवेनासा झाला. तेव्हापासून गावात अशी वहिवाट पडली की ताप अंगात असेपर्यंत साखराबाईचा हात कपाळाला चालायचा आणि ताप उतरला की शिवाशिव परत यायची. काही घरांत तर ती शिवाशिव घाम पुसायच्या आधीच यायची. ती यायची गोठ्याच्या बाजूनं, जायची गोठ्याच्या बाजूनं, आणि तिच्यामागं कुणीतरी गोमूत्र शिंपडायचं. ती ते बघायची आणि काही बोलायची नाही.

ती बोलायची नाही याचाच गावानं अभ्यास केला. आमच्या गावाला किरिस्तावांच्या धर्मातलं काहीही ठाऊक नव्हतं, पण एक गोष्ट पोराबाळांना पाठ होती. किरिस्तावाला नाही म्हणता येत नाही. त्यांच्या देवानं तसं बजावलेलं आहे, एका गालावर बसली तर दुसरा पुढं करायचा. हा उपदेश मिशनच्या साहेबाला जितका प्रिय नसेल तितका तो आमच्या गावाला प्रिय झाला. सुताराला बलुतं द्यावं लागे, न्हाव्याला द्यावं लागे, नाहीतर ते तोंड फिरवत. साखराबाई तोंड फिरवायची नाही, म्हणून तिला काही द्यावं लागत नसे.

मग बोलावण्याला धरबंध राहिला नाही. बाळंतपणाला बोलावत ते ठीक. पण कडूबाईची कोंबडी खुडूक बसली तरी निरोप जायचा. सासूसुनेचं वाजलं की मध्ये बसायला साखराबाई. मयताजवळ बसायला साखराबाई, कारण सोयरे जेवायला गेलेले असायचे. एकदा तर एका गृहस्थानं तिला मुद्दाम बोलावून नुसतं विचारलं, की मला काही झालं तर तू घरी असशील ना.

गावात किरिस्तावांची चार-सहा घरं होती आणि त्यांच्यासाठी मातीच्या भिंतींचं एक प्रार्थनाघर होतं. तिथले उपदेशक धर्मराज मास्तर. मनानं वाईट नव्हते, पण त्यांना प्रवचनाला दाखला लागायचा आणि साखराबाई हा त्यांना फुकट मिळालेला दाखला होता. दर रविवारी तिच्याकडं हात करून ते म्हणायचे, "बघा, आमची ही बहीण. हिला थकवा ठाऊक नाही." साखराबाई तेव्हा बसल्या जागी पेंगत असायची. स्वतः मास्तर रोज दुपारी दार लावून चिंतन करायचे. त्या चिंतनाचा आवाज ओढ्यापर्यंत यायचा.

असं चाललं होतं. एका उन्हाळ्यात भिवराबाईच्या नातवाला ताप भरला. साखराबाई सकाळपासून त्याच्या उशाशी पाण्याच्या पट्ट्या बदलत होती. त्याआधी एक बाळंतपण, त्याआधी एक मयत, त्याआधी काय ते तिलाही आठवत नव्हतं. दुपारी पोरगं कण्हायला लागलं, आणि तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, की याचं एकदाचं काय ते होऊ दे. जगू दे नाहीतर मरू दे, पण मला झोपू दे.

ते मनात आलं आणि तिच्या हातातली पट्टी तशीच राहिली. पोरगं वाचलं. संध्याकाळी भिवराबाईनं पदराआड डोळे पुसले. साखराबाईला मात्र आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही, काहीच वाटलं नाही. तेच तिला भयंकर वाटलं. नवरा गेला, लेक गेली, तेव्हाही ती अशी भ्याली नव्हती. हात चालत होते, कोयनेल दिलं जात होतं, पण ज्या मायेसाठी ती परत आली होती, ती माया आत सापडत नव्हती. आपण अशाच राहिलो तर एक दिवस माणूस मरताना बघू आणि जांभई देऊ, असं तिला वाटलं.

ती मास्तरांकडं गेली. मास्तरांचं चिंतन नुकतंच संपलं होतं.

"मास्तर, सलाम. माझी दया आटली," ती म्हणाली.

मास्तरांनी डोळे चोळले. "प्रार्थना वाढव," ते म्हणाले. "एक वेळचा उपास कर. आणि ते पलीकडच्या वस्तीवर कुणी जात नाही बघ, तिथं जायला लाग. दुसऱ्याच्या दुःखात बुडालं की आपलं विसरतं."

"बुडलेच हाय की."

"मग प्रभूवर भरवसा ठेव. दया त्याची आहे, तुझी नाही."

"त्याचीच हाय, मास्तर, म्हणून तर भ्याव वाटतंय," साखराबाई म्हणाली. "उनाळ्यात आपण नदीत झिरा खांदतो का न्हाई? पानी खालनं येतंय, आपण आणत न्हाई. पर भरू द्यावा लागतो ना त्येला. घागरीवर घागर घातली, वाटीनं खरडलं, तर गाळ येतो. मी लोकास्नी गाळ पाजायलेय."

मास्तरांना झिऱ्याची उपमा फार आवडली. पुढच्या प्रवचनात वापरीन म्हणाले. साखराबाई घरी गेली आणि सांगितल्याप्रमाणं उपास केला. त्यानं फक्त चक्कर आली.

पुढच्या रविवारी मास्तर शुभवर्तमान वाचत होते. वाचन ओळीनं चाललं होतं, त्यामुळं त्या दिवशीचा भाग त्यांनी आधी बघितलेला नव्हता. त्यात असं होतं, की प्रभूनं पुष्कळ रोगी बरे केले, सारं गाव दाराशी जमलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच तो उठून एकटाच रानात जाऊन प्रार्थना करत बसला. शिष्य शोधत गेले, म्हणाले, सगळे तुला हुडकतायत. तर तो म्हणाला, चला, दुसरीकडं जाऊ. मास्तरांनी हे भराभर वाचून टाकलं. प्रवचनाला त्याचा उपयोग नव्हता.

साखराबाईची पेंग उडाली. प्रार्थना सुटल्यावर तिनं विचारलं, "मास्तर, दाराशी जमलेल्या लोकांचं काय झालं?"

"कोणत्या?"

"जे रोगी मागं ऱ्हायले. देव रानात गेलता तवा."

मास्तरांनी पान उलटून पाहिलं. "ते काही लिहिलेलं नाही."

"म्हंजी कुणीतरी ऱ्हायलंच आसंल," ती स्वतःशीच म्हणाली. "त्यो गेला तरी."

ती घरी आली, खोपटाचं दार ओढून घेतलं आणि ओढ्याकाठच्या आंब्याखाली जाऊन बसली. काही करायचं नाही म्हणून बसली. आधी तिला ते जमेना, हात पदराचे धागे काढत राहिले. मग ती रडली. मग झोपली.

इकडं गावात हाहाकार. कडूबाईचा निरोप परत आला, की साखराबाई हाय पर येत न्हाई. यावर कुणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या रविवारी तसंच, तिसऱ्याला तसंच. सहा दिवस ती पूर्वीसारखी यायची, पण रविवारी प्रार्थना झाली की आंब्याखाली. मग चावडीवर माणसं जमली आणि आरोप ठेवला गेला की साखराबाई बाटली. होय, हाच शब्द. तिनं बाप्तिस्मा घेतला म्हणून ज्यांनी बोंब मारली होती, तेच आता ती पुरेशी किरिस्ताव राहिली नाही म्हणून बोंब मारत होते. आप्पा पाटलांचा स्वर तर अगदी भरून आला होता. "आरं, धर्म सोडला का काय बाईनं? आसा चांगला धर्म."

धर्मराज मास्तरांना बोलावणं गेलं. "तुमचं माणूस तुमच्या देवाचं ऐकंना झालंय, समजावा," असं पाटलांनी त्यांना सांगितलं. मास्तर घाम पुसत म्हणाले, की देवानं सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असं शास्त्रात आहे खरं. त्यावर चावडीत हशा पिकला. देवाला कसला आलाय विसावा.

तेव्हा कोपऱ्यातून गहिनीनाथ बोलला. गहिनीनाथ हा गावातला बैलाचा जाणता. बैल घ्यायचा असो, विकायचा असो, त्याला विचारल्याशिवाय कुणी दाव्याला हात लावत नसे. आणि आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत. परळीच्या वैजनाथाचा वार, नंदीचा वार. पेरणी खोळंबली, पाऊस तोंडावर आला, तरी सोमवारी खांद्यावर जू ठेवायचं नाही. ठेवलं तर बैल लंगडतो आणि मालकाच्या घरात काहीतरी वाईट होतं, हे सगळ्यांना ठाऊक.

"हसताय कावून?" गहिनीनाथ म्हणाला. "बैलाचा सोमवार, तसा हिचा रविवार. तिच्या देवानं बांधून दिलेला वार हाय त्यो. त्या दिशी जुंपलं तर आपल्याला लागंल ना."

चावडीतला हशा तिथंच जिरला. थकलेली बाई गावाला कळत नव्हती, पण न जुंपायचा बैल लगेच कळला. मागच्या तीन रविवारी कुणी कुणी निरोप धाडले होते त्याची आठवण निघाली. एकाची म्हैस आटली होती, एकाची भिंत खचली होती. कडूबाईची ती खुडूक कोंबडीच गायब झाली होती. पुरावा भरपूर होता. पाटलांनी तिथल्या तिथं ठराव केला, की रविवारी साखराबाईला कुणी बोलवायचं नाही, आणि देखरेख गहिनीनाथानं करायची.

आमच्या गावाचा असा स्वभाव आहे की दया दाखवायची म्हटली तर त्याला झोप येते, पण विटाळ किंवा पाप म्हटलं की ते खडबडून उठतं. रविवार इतका कडक पाळला जाऊ लागला की विचारू नका. तिच्या खोपटाच्या वाटेनं कुणी जाईना. बायका तिच्या उंबऱ्याला कुंकू लावून जाऊ लागल्या. ती ते पुसायची, पुढच्या रविवारी परत असायचं. एका घरून पुरणाची पोळी आली, ती खायला नाही, ओवाळून ठेवायला सांगितली होती. तिनं खाल्ली. शिंगं असती तर त्यांना पोळ्याचा हिंगूळही लागला असता. धर्मराज मास्तरांनी नदीपलीकडं साहेबाला कळवलं, की देवाच्या कृपेनं सगळं गाव प्रभूचा दिवस पाळू लागलं आहे. साहेबाला अतिशय आनंद झाला म्हणतात.

गावाची कारणं काहीही असोत, साखराबाईचं काम झालं. आंब्याखाली ती बसायची, येत असतील ती गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, नाहीतर ओढ्याकडं बघत राहायची. तिला वाटायचं की आपण इथं बसलो तरी गाव चाललंय, म्हणजे ते आपल्या खांद्यावर नव्हतंच, दुसऱ्या कुणाच्या तरी आहे. हे तिला आधीही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या भरवशावर पाठ टेकून झोपणं वेगळं. हळूहळू तिला माणसांचे चेहरे परत दिसायला लागले. भिवराबाईच्या घरावरून जाताना ती मुद्दाम थांबून त्या नातवाला हाक मारायची. पोरगं हसलं की तिला बरं वाटायचं. बरं वाटतंय, हेच तिला इतकं बरं वाटायचं की डोळे भरून यायचे.

मग मंजुळाचं बाळंतपण आलं. मंजुळा ही भिवराबाईची लेक, पहिलटकरीण, माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या त्या नेमक्या रविवारी सकाळी. भिवराबाईनं निरोप धाडायला तोंड उघडलं, तर घरातल्या सगळ्यांनी ते दाबलं. आज तिला कसं बोलवायचं, घरात बाळंतीण असताना पाप घ्यायचं का. सोमवार उजाडू दे. जणू पोटातल्या पोराला वार कळत होता.

साखराबाई आंब्याखाली होती. तिला दिसलं, की भिवराबाईच्या परसातून सारखा धूर निघतोय, पाण्याच्या घागरी चालल्यात, पण वाटेवर आलेल्या बायका तिला बघून मान फिरवतायत. दुपार कलली तेव्हा एक लांबडी किंकाळी ओढ्यापर्यंत आली. किंकाळ्यांची तिला सवय होती. ही निराळी होती, ही पोर अडल्याची होती. ती उठली.

उठताना तिनं मनाशी तपासून बघितलं, असं तिनं पुढं भिवराबाईला सांगितलं. कुणी बोलावलेलं नाही. गेलं नाही तर कुणी बोल लावणार नाही, उलट गाव खूश होईल. आणि तरी पाय चालायला लागलेत, आणि आत कळवळतंय. ती चालता चालता देवाचे आभार मानत होती.

वेशीत गहिनीनाथ आडवा आला. "बाई, आज न्हाई. आज तुजा वार हाय."

"सरक, गहिनीनाथ. पोरगी अडलीय."

"तुला दया आली तरी आमाला पाप लागतंय," गहिनीनाथ म्हणाला. तो दुष्ट नव्हता, त्याच्या आवाजात भीती होती. गलका ऐकून माणसं जमली. आप्पा पाटील आले. त्यांनी हात वर करून, गावानं तुझ्यासाठी ठराव केलाय त्याचा मान ठेव, असं तिला सांगितलं. धर्मराज मास्तर चिंतनातून उठून तसेच आले होते. ते तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साखराबाई, सगळं गाव तुझ्यामुळं हा दिवस पाळतंय. आता तूच मोडलास तर मी साहेबाला काय लिहू?"

साखराबाईनं मास्तरांकडं बघितलंच नाही. ती गहिनीनाथाला म्हणाली, "तुजा बैल सोमवारी आडात पडला तर काय करशील? मंगळवारची वाट बघशील?"

मास्तर चपापले. हा प्रश्न त्यांनी शुभवर्तमानातच कुठंतरी वाचला होता.

गहिनीनाथानं मात्र बैलाचा प्रश्न म्हणून त्याचा नीट विचार केला. "बैल तर काढतोच," तो म्हणाला. "सोडतो व्हय मरायला? पर सोमवारी काढायचा आसंल तर दुसरा बैल जुंपून न्हाई काढत. माणसं लावतो दोराला."

"माणसं चालत्यात."

"माणसं चालत्यात. माणसाला कुठं आलाय सोमवार?"

"मंग मला आधी सांगा," साखराबाई म्हणाली, "मी बैल हाय का माणूस हाय."

तिनं हे रागानं विचारलं नाही. पण वेशीत असं काही झालं की कुणाला कुठं बघावं ते कळेना. बैल म्हणावं, तर ती समोर दोन पायांवर उभी होती आणि तिथल्या निम्म्या लोकांची पोरं तिच्या हातावर जन्मली होती. माणूस म्हणावं, तर त्या एका शब्दामागून किती गोष्टी चालत आल्या असत्या. ती कुठल्या दारानं आत येणार, कुठल्या घागरीतलं पाणी पिणार, तिच्यामागं शिंपडायच्या गोमूत्राचं काय. पाटलांनी उपरणं नीट केलं. मास्तरांना उत्तर येत होतं, रविवारी रविवारी ते सांगतही होते, पण पाटलांदेखत त्यांना ते आठवेना. तेवढ्यात परत ती किंकाळी आली, आधीपेक्षा बारीक.

गर्दी ढकलत भिवराबाई आली. तिचे केस सुटले होते, हात कोपरापर्यंत ओले होते.

"माणूस हाय ती," भिवराबाई म्हणाली. "आन माजी लेक बी माणूस हाय. सरका आता."

तिनं साखराबाईचा हात धरला. वेशीत, सगळ्यांसमोर, अंगात ताप नसताना धरला. आणि गोठ्याकडं न वळता तिला समोरच्या दारानं आत नेलं.

पोर पायाळू होतं. साखराबाईनं गरम पाण्यात हात धुतले, मंजुळाच्या कानाशी बोलत राहिली, कधी थांब म्हणाली, कधी जोर कर म्हणाली. भिवराबाईला तिनं बाजूला बसू दिलं नाही, तू बाहेर उभी राहून रडायची न्हाईस, पाठ धर तिची, असं सांगितलं. दिवस मावळायच्या आधी पोर बाहेर आलं, निळं पडलेलं. साखराबाईनं त्याच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, पाठ चोळली, नाकात फुंकर घातली. ते रडलं. ते रडलं तशी साखराबाईही रडली, तोंड न लपवता, आणि भिवराबाईनं तिला स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं.

जाताना साखराबाई म्हणाली, "भिवराबाई, आजचा वार माजा ऱ्हायला. उद्या बसते. कुणाला काय व्हतंय ते परवा."

"बस तू," भिवराबाई म्हणाली. "कोण येतंय बघते मी."

सोमवारी सकाळी भिवराबाई खरंच गावकुसाबाहेर गेली आणि साखराबाईच्या खोपटाच्या दारात पाय पसरून बसली. पंचवीस वर्षं ती या गावात नांदत होती, पण ओढ्याच्या या बाजूनं खोपट कसं दिसतं ते तिनं कधी बघितलं नव्हतं. दार केवढं बुटकं आहे, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

थोड्या वेळानं आप्पा पाटील आले. त्यांच्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, कालपासून ताप होता. भिवराबाईला तिथं बसलेली बघून ते अवघडले.

"तिला उठव," ते म्हणाले. "मालकिणीला ताप चढलाय."

"निजलीय ती."

"आज सोमवार हाय. तिचा वार काल हुता."

"काल ती माझ्या घरात हुती, आप्पा. आज निजलीय."

पाटलांचा आवाज चढला. "आगं, पर पट्ट्या कोण ठेवणार? ते तिचं काम हाय."

"कुणी ठरवलं?" भिवराबाई म्हणाली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "पाण्याची पट्टी ठेवायची, बदलायची, परत ठेवायची. माझ्या नातवाला ठेवताना बघितलीय मी. त्याला किरिस्ताव व्हावं लागत न्हाई. चला, मी येते. आन तुमी बी बसायचं उशाशी, मी दाखवते कसं ते."

खोपटात साखराबाई जागी होती. पाटलांचा आवाज ऐकून तिचा एक हात आपोआप लुगड्याचा पदर सावरायला गेला होता. तिनं दोघांची पावलं ओढा उतरून गावाकडं जाताना ऐकली, ती ऐकू येईनाशी होईपर्यंत ऐकली. मग पदर सोडून दिला आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.